रंगनाथची झील

बेसूर माणसं मी खंडीभर पाहिली आहेत. आमच्या ताराप्रेमी मेळाव्यात एके वर्षी जळगावच्या एका गृहस्थांनी धूमकेतूवरचं गाणं असं काही लावलं, की गच्चीवरची पाण्याची टाकी तडकली आणि पाणी खाली यायला घाबरून वरच्या वर वाफ होऊन गेलं. खोटं वाटत असेल तर तडा अजून आहे, जाऊन पाहा. पण आमच्या रंगनाथ शेवाळेपुढे ते गृहस्थ म्हणजे कोकिळा. रंगनाथनं नुसता घसा खाकरला तरी टाकी बिऱ्हाड हलवायला निघते.

म्हणून तो कधी गात नसे. आणि म्हणूनच त्या मे महिन्यात त्यानं माझा दंड घट्ट धरून "आप्पा, मला गायला शिकव. परवाच्या आत," असं म्हटलं, तेव्हा मला हसू आलं नाही.

मेळाव्याचं आधी सांगतो. विज्ञानकथांचं वेड लागलेली आम्ही माणसं दर उन्हाळ्यात कराडजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात जमतो. मुलं सुट्टीवर गेलेली असतात, वसतिगृह रिकामं असतं. दिवसभर वाद, भाषणं, जुन्या मासिकांची अदलाबदल. चहा झाला की गाणी. गाणी आमची आम्हीच रचलेली. चाल जुनी, शब्द नवे. पोवाड्याच्या चालीवर परग्रहावरची लढाई, पाळण्याच्या चालीवर यंत्रमानवाचं बारसं. यात सगळ्यांत तरबेज कोण, तर रंगनाथची बायको, इंदुमती. इस्लामपूरच्या शाळेत मास्तरीण होती. तिची एक ओवी आमच्यात सगळ्यांना पाठ आहे:

शनीच्या गं कड्यावरी
वाळे माझं लुगडं,
वारा नाही, ऊन नाही,
तरी झालं कोरडं.

मोकळं रिंगण सुरू केलं ते इंदूवहिनींनीच. सतरंजी अंथरायची, गोल बसायचं, येईल त्याला सरकून जागा द्यायची. पाळी उजवीकडून डावीकडे फिरते. पाळी आली की तीन गोष्टींतली एक करायची. स्वतः म्हणायचं, नाहीतर कुणाकडे तरी गाणं मागायचं, नाहीतर पुढं सरकवायचं. रंगनाथ वजनमापं खात्यात निरीक्षक होता, दुकानदार त्याला चळचळा कापायचे, पण पाळी आली की हा कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल व्हायचा आणि म्हणायचा, "सरकवा." वर्षानुवर्षं सरकवत आला. बायको गायला लागली की मात्र असा बघायचा, जणू ती अजून लग्नाआधीचीच आहे.

मग कंठपट्टी आली.

आता ही पट्टी तुमच्या घरातही असेल, औषधाच्या दुकानात मिळते, पण तिच्या पोटात काय चालतं ते थोडक्यात सांगतो. माणूस बोलतो किंवा गातो त्याच्या आधी मेंदू गळ्याला हुकूम सोडतो. आवाज फुटायच्या आधीच गळ्याच्या स्नायूंत विजेची बारीक थरथर उठते. मनातल्या मनात पुटपुटलं तरी उठते. गळ्याला चिकटवलेली पट्टी ती थरथर वाचते आणि रिंगणातल्या बाकीच्या पट्ट्यांना कळवते. त्या पट्ट्या आपापल्या माणसाच्या गळ्याला तसाच अलगद ठोका देतात. त्यामुळे शेजारच्याच्या मनात पुढचा सूर आला, की तो आवाज व्हायच्या आत तुमच्याही गळ्यात येतो. दहाबारा माणसं एका देठाची फुलं असल्यासारखी गातात. मी बंद खोलीच्या काचेबाहेरून पाहिलंय आणि दार उघडं असताना चोरून ऐकलंय. त्याला नावं ठेवायला माझ्यासारख्या खोटारड्यालाही जमणार नाही.

पण त्याची दुसरी बाजू अशी, की रिंगणातला एक जण चुकला तर चूक सगळ्यांच्या गळ्यात उतरते. भाताच्या घासात खडा यावा तशी. मग कोण कशाला वाटेल त्याला शेजारी बसू देईल? तीनचार वर्षांत मोकळी रिंगणं ओस पडली. आमचीच नाही. भजनी मंडळं माणसं पारखून घ्यायला लागली, शाळांच्या प्रार्थनेला निवडक मुलं उभी राहायला लागली आणि बाकीची वर्गात बसून गृहपाठ करायला लागली. आमच्या मेळाव्यात ग्रंथालयाच्या वाचनकक्षात निमंत्रितांचं रिंगण भरू लागलं. चारही बाजूंनी काच, दार बंद, आवाजाचा कणही बाहेर येत नाही. चालवायची अनघा रिसबूड. ध्वनिशास्त्राची पोर, हुशार, आणि स्वभावानंही वाईट नाही, हे मला नाइलाजानं सांगावं लागतंय. माझ्या कवळीतून शीळ वाजते म्हणून तिनं मला बोलावलं नाही. शीळ वाजते हे खरं आहे.

मी पोर्चमध्ये सतरंजी टाकून मोकळं रिंगण चालवत राहिलो. कधी पाच माणसं, कधी तीन आणि कॉलेजचं कुत्रं. कुत्रं तालात होतं.

आणि त्यातच इंदूवहिनींना झटका आला.

डाव्या मेंदूचा शब्द जुळवणारा भाग रक्त न पोचल्यामुळे करपला. समजायचं सगळं, पण बोलता येईना. लिहिता येईना. बोट दाखवायला सांगितलं तर भलतीकडेच दाखवायच्या. सगळ्यांत वाईट म्हणजे 'हो' आणि 'नाही' यांची गल्लत झाली. चहा हवा का, मान हो. नको का, मान तीच. रंगनाथ एकदा माझ्यासमोर ओरडला होता, "अगं, दोन्हीला हो काय म्हणतेस!" आणि मग स्वतःच्याच तोंडावर हात मारून घेतला होता.

पण डॉक्टर म्हणाले, गाण्याची वाट वेगळी असते. ती मेंदूच्या उजव्या बाजूनं जाते आणि ती शाबूत आहे. म्हणून अनघानं वहिनींना निमंत्रितांच्या रिंगणात बसवलं, गळ्याला पट्टी लावली. त्यांच्यासाठी ते रिंगण मेळावा नसतानाही दर महिन्याला तिथंच भरायला लागलं. बाकीच्यांनी मागं झील धरली. झील म्हणजे पोवाड्यात शाहिरामागं उभे राहून 'जी जी जी' म्हणतात ना, ती. दहाबारा गळ्यांचा रेटा मिळाला आणि वहिनींच्या तोंडून आधी ओवी आली, आणि ओवीच्या पाठीवर बसून बोलणं आलं. झील चालू आहे तोवर बोलणं चालू. झील थांबली की बोलणं बंद.

हे सगळं काचेच्या आत. रंगनाथ बाहेर.

तो काचेला नाक लावून उभा राहायचा. आत बायको बोलते आहे, हातवारे करते आहे, मध्येच हसते आहे. आणि याच्या कानावर पंख्याची घरघर.

त्या वर्षी मेळाव्याच्या पहिल्याच सकाळी नाश्त्याला तो माझ्यासमोर येऊन बसला. पोह्याला हात लावला नाही. वहिनी शेजारी शांत बसून लिंबाची फोड चोखत होत्या.

"बारीक बारीक झटके येताहेत तिला," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, दिवाळीपर्यंत उजवीकडची वाटही बुजणार. मग गाणंपण नाही."

"मग?"

"पुण्यात ऑपरेशन आहे. पुढच्या आठवड्यात. पट्टीचीच तार थेट मेंदूत बसवतात. गाणाऱ्या लोकांच्या गळ्यांची झील त्यात भरून ठेवलेली असते, ती आत सतत चालू राहते. म्हणजे रिंगण लागत नाही. घरी बोलेल रे ती. स्वयंपाकघरात बोलेल."

"धोका?"

त्यानं पोह्याची बशी लांब सारली. मग म्हणाला, "काही जण उठत नाहीत."

मी वहिनींकडे पाहिलं. "वहिनी, तुम्हाला करायचंय ऑपरेशन?"

वहिनींनी मान हलवली. हो.

"नाही करायचं?"

तीच मान. लिंबाची फोड बशीत ठेवली आणि दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली.

"बघितलंस?" रंगनाथ म्हणाला. "कसं विचारू मी? आत ती बोलते. आत तिला विचारता येईल. एकदा, आप्पा, एकदाच त्या खोलीत जाऊ दे मला. तिच्या तोंडून 'चला पुण्याला' ऐकलं, की मी सुटलो."

आम्ही अनघाला गाठलं. ती वाचनकक्षाच्या दारात पट्ट्या पुसत होती.

"काका, मला तुमचं कळतं," ती म्हणाली. "पण तुम्ही आत आलात तर रिंगण तुटेल. गेल्या वेळी एकाला नुसती उचकी लागली तर काकूंची जीभ कितीतरी दिवस जड झाली होती. आठवतंय ना?"

"मी गप्प बसेन. कोपऱ्यात. पट्टीच नको मला."

"रिंगणात नसलेला माणूस आत बसत नाही. सगळ्यांनी शपथ घेतलीय तशी."

"बरं, मी नाही येत. तूच विचार तिला. पुण्याला जायचं का, एवढंच. आणि मला सांग."

अनघानं पट्टी खाली ठेवली. "आतलं बोलणं आम्ही बाहेर सांगत नाही, काका."

"का? चोरीचा माल आहे?" मी म्हणालो.

"कारण ते कुणाचं आहे हे सांगता येत नाही म्हणून, आप्पा. रेटा सगळ्यांचा असतो. शब्द एकाच्या तोंडून येतो, पण तो ढकलला कुणी? मागच्या वर्षीचे ते बँक मॅनेजर आठवतात?"

आठवतात म्हणजे काय! भर रिंगणात त्या सद्गृहस्थांनी जाहीर केलं, की आपल्याला दिवस गेलेत आणि कैरी खावीशी वाटते. शेजारी बसलेल्या मुलीला तिसरा महिना होता, तिनं घरी अजून सांगितलंही नव्हतं. मॅनेजरांनी पुढं खरोखर बरणीभर कैऱ्या खाल्ल्या आणि सातव्या महिन्यात त्यांची दुसऱ्या शाखेत बदली झाली, हा भाग मी नंतर जोडला, पण आधीचा खरा.

"तेव्हापासून शपथ आहे," अनघा म्हणाली. "काकू आत 'हो' म्हणाल्या काय आणि 'नाही' म्हणाल्या काय, ते आम्हा अकराजणांचं असू शकतं. त्यावर तुम्ही त्यांना टेबलावर निजवणार? नाही. मी ते ओझं घेणार नाही." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण काका, एवढी घाई करू नका."

"म्हणजे काय?" रंगनाथनं तिचं मनगट धरलं. "काय म्हणाली ती?"

अनघानं हात सोडवून घेतला आणि आत गेली. तिचे डोळे भरले होते. ते मला दिसले, रंगनाथला नाही.

मग ते गाणं शिकवायचं प्रकरण. भोजनगृहाच्या मागं, खरकटं टाकतात तिथं आम्ही उभे राहिलो.

"तुला गाणं नको, नुसती झील शिकवतो," मी म्हणालो. "एक अक्षर, एक सूर. जी."

"जी."

"हा नाही."

"जी?"

"हा प्रश्न झाला."

"जीऽऽ."

"रंगनाथ, ही म्हैस कुठून आली?"

तो हसला नाही. डोळे मिटून पुन्हा लावला, पुन्हा, पुन्हा. घशाच्या शिरा टरारून फुगल्या. भांडी घासणाऱ्या मावशी बाहेर आल्या, त्यांना वाटलं कुणाला फेफरं आलंय. दुपारभर असं चाललं. सूर एकदाही सापडला नाही, पण एक गोष्ट झाली. चुकीच्या जागी का होईना, तो न हलता एका ठिकाणी उभा राहायला लागला. शेवटी कठड्यावर बसून म्हणाला, "तीस-पस्तीस वर्षं सरकवत आलो रे. एक वर्ष जरी शिकलो असतो."

दुसऱ्या दिवशी मी माझी अक्कल चालवली. म्हटलं, त्यांच्या काचेच्या डब्याची मिजास हवी कशाला? आपण मोकळ्या रिंगणातच पट्ट्या लावू. गावातल्या दुकानातून पट्ट्या आणवल्या. मेळाव्यात हिंडून आरोळी दिली, "इंदूवहिनींसाठी झील धरायचीय, या!" आणि माणसं आली हो. पोर्च भरला. ज्यांना वर्षानुवर्षं कुणी बोलावलं नव्हतं ती सगळी आली. सांगलीचे फाटक्या आवाजाचे वकील आले, तोतरी निर्मला आली, स्वयंपाकी आले. डोळे पुसत, घसे साफ करत, सतरंजीवर दाटीवाटीनं बसले. रंगनाथ वहिनींच्या समोर बसला, गुडघ्याला गुडघा लावून. असं मोकळं रिंगण मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता काचेच्या त्या डब्याला टाळंच लागणार.

झील सुरू झाली.

प्रत्येकाचा सूर वेगळा, घाई वेगळी, माया मात्र सारखीच. आणि ते सगळे रेटे एकदम त्या एका गळ्यात शिरले. वहिनींचं तोंड उघडलं. आतून शब्द आला नाही. घुसमटल्यासारखा आवाज आला, जीभ वळली, ओठांच्या कडेला फेस आला, आणि त्यांनी दोन्ही हातांनी गळ्यावरची पट्टी ओरबाडून काढली. नखांचे ओरखडे उठले. सगळ्यांनी झील सोडली. तोतरी निर्मला रडायला लागली.

वहिनी उठून जिन्याच्या पायरीवर जाऊन बसल्या. रंगनाथ त्यांच्यामागं गेला आणि पायरीखाली उभा राहिला. पायरीवर बसायची त्याची हिंमत झाली नाही. मोकळ्या रिंगणाचा मी जन्माचा वकील. सतरंजी गुंडाळताना मला मान वर करता येईना.

शेवटच्या दिवशी जेवणं व्हायच्या आधी निमंत्रितांचं समारोपाचं रिंगण बसलं. अनघानं वहिनींना आत घेतलं. गळ्यावरचे ओरखडे टाळून पट्टी लावली. रंगनाथ काचेपाशी. बाजूला त्यांच्या बॅगा, कारण दुपारच्या गाडीनं ते पुण्यालाच जाणार होते. तपासण्या उद्यापासून होत्या.

"बघ," तो मला म्हणाला, "बोलायला लागली. बघ ओठ."

आत पाळी वहिनींवर आली होती. बाकीच्यांचे गळे एका लयीत हलत होते. वहिनी काहीतरी बोलल्या आणि रिंगणात गडबड झाली. कुणी मान हलवून नाही म्हणालं. कुणी अनघाकडे पाहिलं. वहिनी पुन्हा बोलल्या आणि हात उचलून त्यांनी काचेकडे केला. नेमका. रंगनाथकडे.

अनघा उठली. दार उघडलं तसा झिलेचा सूर बाहेर आला, दुधासारखा.

"काका, चला. काकूंनी पाळीत तुमचं गाणं मागितलंय."

"माझं?"

"मागितलेल्या माणसाला रिंगणानं जागा द्यायची. नियम त्यांचाच आहे. मी नाही म्हणाले तर त्या म्हणाल्या, मग माझ्या नावाचं रिंगण चालवू नका."

रंगनाथ माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला पाठीत ढकललं. मला कुणी मागितलं नव्हतं, पण दार उघडं दिसलं, मीही घुसलो आणि कपाटाला पाठ लावून उभा राहिलो. गळ्याला पट्टी नाही, तोंड बंद, कवळी हातात.

अनघानं त्याच्या गळ्याला पट्टी लावली. "झील धरा, काका. काहीही झालं तरी सोडू नका. सोडलीत तर त्यांचं बोलणं जाईल, आणि आज त्या दमल्यात. पुन्हा येईलच असं सांगता येत नाही."

रंगनाथनं तोंड उघडलं. "जी… जी… जी…"

काय सांगू! दुधात मीठ पडावं तसं झालं. अकरा चेहरे एकदम आंबले. एका बाईनं गळा धरला. एक तरुण खोकत खोकत पट्टी काढून बाजूला झाला. मग दुसरा. ती माणसं वाईट नव्हती. त्यांच्या गळ्यात तो सूर खरोखर टोचत होता, डोळ्यांत पाणी येत होतं. एकेक पट्टी निघत गेली, रिंगण विरत गेलं, आणि रंगनाथ मात्र त्याच्या त्या चुकीच्या जागेवर खांबासारखा उभा. "जी… जी… जी…"

शेवटी अनघा एकटी उरली. ती वहिनींकडे टक लावून बघत होती. मग तिनं हळूच स्वतःची पट्टी काढली आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"तू का सोडलीस?" मी कुजबुजलो.

"आता काकूंच्या गळ्याला फक्त काकांचा रेटा आहे," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाचा नाही."

वहिनींनी ओठ ओले केले. मला वाटलं, संपलं. पण आवाज आला. खरखरीत, थांबत थांबत, पण त्यांचाच.

"अहो."

रंगनाथचं अंग असं हललं, जणू कुणी पाठीत मारलं. पण झील सोडली नाही.

"केवढे वाळलात. डोक्याला तेल नाही. शर्टाचं बटण बघा."

"जी… जी… जी…"

"पुणं नको."

त्याचे डोळे विस्फारले. मान हलायला लागली, नाही नाही अशी, आणि तोंडातून ते "जी जी" चालूच. अनघानं माझा हात आवळला. मला तेव्हा कळलं. या खोलीत ऑपरेशन जिवाच्या आकांतानं हवं असणारा माणूस एकच होता, आणि वहिनींच्या गळ्याला रेटा त्याचाच होता. 'हो' ढकलत होता तो, सगळ्या ताकदीनं. तरी त्यांच्या तोंडून 'नको' आलं. ते त्यांचंच होतं. दुसऱ्या कुणाचं असूच शकत नव्हतं.

"यांना सगळ्यांना सांगितलं मी," वहिनी म्हणाल्या. "दर वेळी. कुणी बाहेर सांगेना. पुणं नको. डोक्यात परकी माणसं घेऊन तुमच्याशी नाही बोलायचं मला. कालसुद्धा… केवढी माणसं शिरली होती गळ्यात. भ्यायले मी."

रंगनाथच्या डोळ्यांतून पाणी सरळ तोंडात जात होतं. सूर फुटत होता, तुटत होता, तो तसाच ओढत होता.

"मला गप्प राहायची सवय झालीय. तुम्हालाच होत नाहीये." त्या श्वास घ्यायला थांबल्या. "दिवाळीला गाणंही जाईल. जाऊ दे. घरी बसू. तुम्ही पेपर मोठ्यानं वाचा. वाईट वाचता, पण वाचा."

"जी… जी…"

"नाही ना नेणार?"

त्यानं जोरात मान हलवली.

"मान नको. मानेवर माझा विश्वास नाही आता. तोंडानं सांगा."

खोलीत कुणी हलेना. तोंडानं सांगायचं तर झील सोडायला हवी. झील सोडली की हा आवाज गेला. कदाचित कायमचा. रंगनाथनं आणखी एक फेरा घेतला. मग आणखी एक. त्याचा श्वास पुरेना, छाती भात्यासारखी वरखाली होत होती, चेहरा काळानिळा पडला होता, तरी तो थांबेना. वहिनी वाट बघत होत्या. घाई करत नव्हत्या. शाळेत एखादं अडखळणारं पोर फळ्यापाशी उभं असावं आणि बाईंनी थांबावं, तशा.

"इंदू म्हणून हाक मारा आणि सांगा," त्या म्हणाल्या. "ऐकायचंय मला."

आणखी एक फेरा. तो आता सूर नव्हताच, नुसतं कण्हणं होतं.

मग तो थांबला.

"इंदू," रंगनाथ म्हणाला. "नाही नेणार."

वहिनींनी तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. मग हात लांब करून त्यांनी त्याच्या गळ्यावरच्या पट्टीचं टोक नखानं उचललं आणि एका झटक्यात ती सोलून काढली. दाढीचे पांढरे खुंट पट्टीबरोबर उपटून आले.

"आई गं!" रंगनाथ ओरडला.

आणि इंदूवहिनी हसल्या. मोठ्यानं, पदर तोंडाला न लावता.